परसातील पेव्हर ब्लॉक: शेवाळ, ॲसिड आणि पाण्याची वाट (नाशिकमधील एक प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात, पूर्वी द्राक्षबाग असलेल्या काळ्या जमिनीवर पाडलेल्या एका लेआउटमध्ये हा बंगला आहे. घरात निवृत्त शिक्षक असलेले घरमालक, त्यांची पत्नी, मुलगा, सून आणि घरमालकांच्या ब्याऐंशी वर्षांच्या आई अशी पाच माणसे राहतात. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे गाळले आहेत. मोजमापे आणि कामाचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर तीस फूट बाय वीस फूट, म्हणजे सहाशे चौरस फुटांचे परस आहे. २०१६ मध्ये तेथे ६० मिलिमीटर जाडीचे, लाल व करड्या रंगाचे, नागमोडी आकाराचे पेव्हर ब्लॉक बसवण्यात आले. ते रबर मोल्डमध्ये ओतून केलेले, चकचकीत पृष्ठभागाचे होते. खाली मुरूम, त्यावर कच (दगडाचा बारीक चुरा) आणि कचावर ब्लॉक अशी नेहमीची रचना होती. परसाच्या मध्याजवळ तुळशीवृंदावन, पूर्वेला कंपाउंडलगत जुने जांभळाचे झाड, एका कोपऱ्यात धुण्याची जागा आणि दक्षिणेला कढीपत्ता व अबोलीचा वाफा आहे. गच्चीच्या अर्ध्या भागाचे पाणी एका उभ्या पाइपातून थेट या ब्लॉकवरच पडत असे.

२०२१ मध्ये ड्रेनेजची पाइपलाइन बदलण्यासाठी परसाच्या मधून सुमारे अडीच फूट रुंदीची चर खणली गेली. पाइप टाकून झाल्यावर निघालेली काळी मातीच चरीत परत लोटली गेली, वर थोडा कच पसरला गेला आणि ब्लॉक पुन्हा बसवले गेले. त्या दिवशी ते अगदी सपाट दिसत होते.

अडचण

पुढच्या दोन पावसाळ्यांत चरीच्या रेषेवरचे ब्लॉक हळूहळू खचले. खचलेल्या पट्ट्यात पाणी साचू लागले आणि जांभळाच्या सावलीमुळे ते दोन-दोन दिवस वाळेना. प्रथम सांध्यांत हिरवी रेघ उमटली, मग ब्लॉकवर काळपट थर चढला, आणि ज्या भागात ऊन येत होते तेथे पांढरे डाग उठले. सूनबाई दर आठवड्याला खराट्याने घासून घेत, पण दोन सरी आल्या की पुन्हा पहिल्यासारखेच होई.

ऑगस्ट २०२३ मध्ये आजी सकाळी तुळशीला पाणी घालायला जाताना घसरल्या आणि त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. तोवर घाणेरडे दिसणे एवढीच तक्रार होती. त्या दिवसापासून घरातील प्रत्येकाला परस एकदाचे स्वच्छ करून घ्यायची घाई झाली. ही घाई समजण्यासारखी होती, आणि पुढचे दोन चुकीचे निर्णय तिच्यातूनच निघाले.

पहिला निर्णय: ॲसिड

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस जेमतेम थांबला असताना, साफसफाईची कामे घेणाऱ्या एका माणसाला बोलावण्यात आले. "काका, ॲसिड मारलं की एका दिवसात नव्यासारखं होतं," असे त्याने सांगितले आणि एका दिवसात खरोखरच तसे दिसू लागले. फरशी व संडास धुण्यासाठी मिळते ते हायड्रोक्लोरिक ॲसिड पाणी न मिसळता कोरड्या ब्लॉकवर ओतले गेले, ब्रशने घासले गेले आणि पाइपने धुऊन टाकले गेले.

येथे काय घडले ते नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण नाशिकमध्ये हीच पद्धत सर्रास वापरली जाते. ब्लॉकवरचे पांढरे डाग बहुधा चुन्याचे असतात. सिमेंट घट्ट होताना मोकळा होणारा चुना ओलाव्याबरोबर वर येतो, हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि न विरघळणारा पांढरा थर मागे राहतो. बोअरचे जड पाणी वारंवार सांडून वाळले, तरी असेच डाग पडतात. ॲसिड हा थर विरघळवते हे खरे आहे, परंतु त्याच्या खालचे सिमेंटही ते तितक्याच तत्परतेने खाते. ब्लॉक आधी पाण्याने भिजवलेला नसेल, तर ॲसिड छिद्रांतून आत शोषले जाते आणि वरवर धुऊन सगळे निघत नाही. या परसातील लाल ब्लॉकचा चकचकीत पापुद्रा गेला, वाळूचे कण उघडे पडले आणि रंग विटकरीवरून फिकट गुलाबी झाला. करड्या ब्लॉकवर हे कमी जाणवले. दोन आठवड्यांत पांढरे डाग पुन्हा उमटले, कारण खालचा ओलावा तसाच होता. धुतलेले पाणी वाफ्यात गेल्यामुळे कढीपत्त्याची पाने करपली ती वेगळीच.

ब्लॉक उलटे करून वापरता येतील का, असे घरमालकांनी नंतर विचारले. अखंड एकाच मालाचे ब्लॉक असते तर ते शक्य झाले असते. हे ब्लॉक दोन थरांचे होते. वरचा सेंटिमीटरभर थरच रंगीत होता आणि खालची बाजू खडबडीत, बिनरंगाची होती. त्यामुळे ती वाट बंद होती.

दुसरा निर्णय: प्रेशर वॉशर

ॲसिडने काळपट थर पूर्ण गेला नाही म्हणून दसऱ्याच्या आधी मुलाने मित्राकडून प्रेशर वॉशर, म्हणजे दाबाने पाण्याची धार मारणारे यंत्र, आणला. नळीचे टोक ब्लॉकपासून वीतभर अंतरावर, सरळ उभे धरून त्याने संपूर्ण परस धुतले. शेवाळ गेले, आणि त्याबरोबर सांध्यांतील कचही वीस-पंचवीस मिलिमीटर खोलीपर्यंत उडून गेला. मुलाला तो कच मळच वाटला होता.

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महागडा गैरसमज हाच होता. पेव्हर ब्लॉक एकमेकांना सिमेंटने जोडलेले नसतात. सांध्यांत गच्च बसलेली बारीक वाळू एका ब्लॉकवरचा भार शेजारच्या ब्लॉकवर पोहोचवते, आणि त्यामुळेच सगळा पृष्ठभाग एकसंध वागतो. सांधे रिकामे झाले की प्रत्येक ब्लॉक एकटा पडतो. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मला बोलावण्यात आले, तेव्हा खचलेल्या पट्ट्यातील ब्लॉक पाय ठेवताच डुगडुगत होते आणि मुंग्यांनी सांध्यांखालची माती वर आणून ठिकठिकाणी ढीग केले होते.

पाहणी

स्थापत्य अभियंता म्हणून मी बंगल्यांच्या दुरुस्तीची कामे पाहतो. या घरी पहिल्या भेटीत मी स्वच्छतेविषयी काहीच सांगितले नाही. दोन बादल्या पाणी ओतून ते कोठे जाते ते सर्वांना उभे राहून पाहायला लावले. पाणी कंपाउंडच्या गटारीकडे न जाता चरीच्या रेषेत थांबले. दोरी ताणून व लेव्हल ट्यूबने (पातळी पाहण्याच्या पाणी भरलेल्या नळीने) मोजले असता तेथे सर्वाधिक ३५ मिलिमीटर खड्डा निघाला. वाफ्याच्या बाजूला कडेचा कर्ब, म्हणजे ब्लॉकना अडवून धरणारी काठाची पट्टी, बसवलेलाच नव्हता, त्यामुळे शेवटच्या ओळीतील ब्लॉक बारा मिलिमीटर बाहेर सरकले होते. तीन ब्लॉक उचलले, तेव्हा खालचा कच चिखलासारखा ओला होता आणि त्यात काळी माती मिसळली होती.

नाशिकच्या अनेक भागांत आढळणारी ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तडकते. चरीत ती न दाबता भरली, तर ती दर ऋतूला वर-खाली होत राहते, आणि वर कितीही चांगला ब्लॉक बसवला तरी तो तिच्याबरोबर हलतो. त्यात गच्चीचे पाणी. साडेचारशे चौरस फूट गच्चीवर एका दिवसात २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर एकट्या त्या पाइपातून हजार लिटरहून अधिक पाणी परसात येते, आणि ते चरीपासून जेमतेम चार फुटांवर पडत होते. शेवाळ, पांढरे डाग आणि खचलेला पट्टा या तिन्हींचे मूळ त्या पाइपापाशी आणि त्या चरीत होते.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सोपा म्हणून सुचवला गेलेला उपाय म्हणजे रिकाम्या सांध्यांत सिमेंटचा घोळ ओतणे. मिस्त्रींचा त्यावर भर होता, कारण काम एका दिवसाचे होते. मी त्यास ठाम नकार दिला. खालची जमीन हलणारी असताना वरचे सांधे ताठर केले, की पहिल्याच उन्हाळ्यात ते तडकतात, पाणी तड्यांतून खाली जाते पण वाळताना बाहेर पडू शकत नाही, आणि पुढे कधी पाइपलाइनपर्यंत पोहोचायचे झाल्यास ब्लॉक फोडावे लागतात. उचलून पुन्हा बसवता येणे हा पेव्हर ब्लॉकचा मोठा गुण सिमेंट ओतल्याबरोबर संपतो.

मुलाने सीलरचा, म्हणजे ब्लॉकवर लावायच्या संरक्षक द्रवाचा, पर्याय मांडला. पारदर्शक सीलरमुळे रंग खुलतो, डाग कमी मुरतात आणि शेवाळाला धरायला जागा कमी मिळते, हे बरोबर आहे. तथापि आत ओल असताना पापुद्रा धरणारा सीलर लावला, तर ओल आणि चुना त्याच्याखाली अडकून दुधाळ थर बसतो, जो काढायला पुन्हा रसायन लागते. चुना येणे थांबल्याशिवाय सीलरचा विचार करायचा नाही, असे ठरले.

सूनबाईंचे म्हणणे होते की ब्लॉक काढून कोबा करावा आणि त्यावर न घसरणाऱ्या टाइल बसवाव्यात. दर आठवड्याला घासण्याचे काम त्यांच्याच वाट्याला येत होते, म्हणून हे म्हणणे मी गांभीर्याने घेतले. मातीचा प्रश्न सोडवून, पाइपलाइनसाठी चेंबर ठेवून हे करता आले असते. पण खर्च अनेक पटींनी वाढणार होता, जांभळाच्या मुळांवर काँक्रीट येणार होते आणि जमिनीत मुरणारे थोडेफार पाणीही बंद होणार होते. घरमालकांना झाड जपायचे होते. हा पर्याय मागे पडला तो या कारणांनी. तो मुळातच चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही.

उरलेला मार्ग म्हणजे गच्चीचे पाणी वळवणे, चर नीट भरून तेवढेच ब्लॉक पुन्हा बसवणे, सगळे सांधे नव्याने भरणे आणि त्यानंतर सौम्य साफसफाई करणे. तो निवडला गेला. फक्त वेळेचा प्रश्न होता. दिवाळी तोंडावर आली होती आणि पाहुणे येणार होते. ओल्या जमिनीवर घाईने काम करण्यापेक्षा दिवाळीपुरती खचलेल्या पट्ट्याभोवती कुंड्यांची रांग लावावी आणि तुळशीपर्यंत काथ्याची पट्टी अंथरावी, असे मी सुचवले. घरमालकांना हे पटायला दोन दिवस लागले.

याच भेटीत जिन्याखाली ॲसिडच्या उरलेल्या बाटल्यांशेजारी ब्लीचिंग पावडरची पिशवी आढळली. शेवाळासाठी ती आणून ठेवली होती. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. ॲसिड नुकतेच मुरलेल्या ब्लॉकवर ब्लीचिंगचे पाणी टाकणेही म्हणूनच धोक्याचे असते. दोन्ही वस्तू त्याच दिवशी वेगळ्या केल्या आणि ॲसिड घरातून हलवले.

प्रत्यक्ष काम

काम नोव्हेंबरअखेरीस सुरू व्हायचे होते, पण त्या आठवड्यात जिल्ह्यात अवकाळी पाऊस व गारपीट झाली आणि जमीन वाळण्याची वाट पाहण्यात आणखी दहा दिवस गेले. डिसेंबरच्या थंड, कोरड्या हवेत काम झाले, हे एका अर्थी बरेच झाले, कारण सांधे भरायला वाळू पूर्ण कोरडी लागते.

पहिल्या दिवशी गच्चीच्या पाइपाला जोड देऊन ११० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपाने पाणी कंपाउंडलगत नेले आणि रस्त्याकडेच्या पावसाळी गटारीत सोडले. घरमालकांना शोषखड्डा हवा होता, परंतु काळ्या मातीत पाणी फार सावकाश जिरते आणि खड्डा पहिल्या मोठ्या पावसातच भरून उलट वाहू लागला असता.

मग चरीच्या दोन्ही बाजूंचे धरून सुमारे एकशे चाळीस चौरस फुटांचे ब्लॉक, ओळीवार खडूने आकडे टाकून, उचलले. चरीतील सैल काळी माती दीड फूट खोलीपर्यंत काढली, तळाशी व बाजूंना जिओटेक्स्टाइल कापड अंथरले, म्हणजे माती मुरमात मिसळणार नाही, आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, थोडे पाणी शिंपडून, धुमसाने ठोकत भरला. दर थरावर टाचेने दाबून ठसा उमटत नाही ना, हे पाहिले. मजुरांना हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि नेमका तेथेच हात आखडला जातो, म्हणून मी दिवसभर तेथे थांबलो.

मुरमावर तीस मिलिमीटर जाडीचा जाडसर क्रश सँडचा (दगड भरडून केलेल्या वाळूचा) थर दोन समांतर पाइप ठेवून फळीने ओढला. त्यावर पाय न देता ब्लॉक बसवले आणि ते शेजारच्या जुन्या ब्लॉकपेक्षा सात-आठ मिलिमीटर उंच ठेवले, कारण कॉम्पॅक्टर (कंप देऊन दाबणारे यंत्र) फिरल्यावर ते तितके खाली बसतात. उतार साठास एक या प्रमाणात गटारीकडे दिला. ब्लॉकच्या कडांना चिकटलेला जुना कच खरवडून काढणे फार गरजेचे असते. तो राहिला तर ओळी फुगतात आणि शेवटचा ब्लॉक मावत नाही. वाफ्याच्या बाजूला काँक्रीटचा कर्ब बसवून त्याच्या मागे काँक्रीटचा आधार दिला.

सांध्यांसाठी बारीक क्रश सँड दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळून ताडपत्रीवर दोन दिवस उन्हात वाळवली. झाडूने ती सांध्यांवर तिरकी ओढायची, चकचकीत ब्लॉकवर चरे पडू नयेत म्हणून रबरी पत्रा घालून कॉम्पॅक्टर फिरवायचा आणि पुन्हा वाळू ओढायची, असे तीन वेळा केले. फक्त नव्याने बसवलेल्याच नव्हे, संपूर्ण सहाशे चौरस फुटांच्या सांध्यांना हीच प्रक्रिया केली. वाळू ब्लॉकच्या वरच्या कडेपासून सुमारे तीन मिलिमीटर खाली ठेवली.

साफसफाई सर्वांत शेवटी आली आणि तिच्यात सांगण्यासारखे फारसे नाही. कोरड्या, ताठ नायलॉन ब्रशने पांढरा थर जितका निघाला तितका काढला. शेवाळाच्या कडांना ब्लीचिंग पावडरचे पातळ पाणी, हातमोजे घालून, पंधरा मिनिटे लावून घासले आणि बादलीने धुतले. ॲसिड वापरून तोपर्यंत दोन महिने होऊन गेले होते आणि ब्लॉक अनेकदा धुतले गेले होते. उरलेले पांढरे डाग पावसावर सोडले.

आजींनी दाखवलेली त्रुटी

काम संपल्यावर आजी काठी टेकत तुळशीपर्यंत गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "खड्डा गेला रे बाबा, पण पाणी सांडलं की पाय अजून सरकतोच." मी बादलीभर पाणी ओतून स्वतः चालून पाहिले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. शेवाळ नसतानाही रबर मोल्डचा चकचकीत ब्लॉक ओला झाला की घसरडा होतो. ज्या पडण्यामुळे हे सगळे सुरू झाले, त्याच्या या कारणाकडे माझे लक्ष गेलेच नव्हते, कारण मी खड्डा, माती आणि पाणी यांतच गुंतलो होतो. आजी नेमक्या कोठे व कशा घसरल्या, हे मी पहिल्याच भेटीत त्यांना विचारायला हवे होते.

मागच्या दारापासून तुळशीपर्यंत तीन फूट रुंद व चौदा फूट लांब पट्टा पुन्हा उचलून तेथे मशीनप्रेसचे, म्हणजे यंत्राने दाबून केलेले, खरखरीत पृष्ठभागाचे ब्लॉक बसवले. फरसबंदीच्या ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक आहे आणि त्यात शोषल्या जाणाऱ्या पाण्यावरही मर्यादा घातलेली आहे. म्हणून या वेळी पुरवठादाराकडे चाचणीचा अहवाल मागितला. निघालेल्या जुन्या चांगल्या ब्लॉकपैकी काही, ॲसिडने सर्वाधिक खराब झालेल्या ब्लॉकच्या जागी गेले. त्यामुळे ही दुरुस्ती अगदीच वाया गेली नाही.

परिणाम

२०२४ चा पूर्ण पावसाळा गेल्यानंतर ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा मोजमाप घेतले. चरीच्या पट्ट्यात एका जागी चार मिलिमीटर बसका आढळला, बाकी पातळी टिकून होती. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात परस मोकळे होते, असे सूनबाईंनी सांगितले. जांभळाखाली कंपाउंडलगत दीड फुटाच्या पट्ट्यात शेवाळ आलेच, आणि तेथे ऊन येत नाही तोवर ते येतच राहील. जूनमध्ये पडणाऱ्या जांभळांचे डाग मात्र त्याच दिवशी धुतले तर जातात, असा त्यांचा अनुभव आहे. पांढरे डाग फिकट झाले आहेत, गेलेले नाहीत. ॲसिडने उघडे पडलेले बावीस लाल ब्लॉक अजून धुण्याच्या जागेजवळ आहेत, आणि त्यांच्या खरबरीत पृष्ठभागावर मळ इतरांपेक्षा लवकर धरतो. सांध्यांतील वाळू सरासरी पाच मिलिमीटर उतरली होती. ती अर्ध्या दिवसात पुन्हा भरली.

काय वेगळे करता आले असते

खरी संधी २०२१ मध्ये होती. चर भरताना मुरूम आणि धुमस वापरला असता, तर एका दिवसाच्या जादा मजुरीत हे प्रकरण उद्भवलेच नसते. पाइपलाइनचे काम करणारा आणि ब्लॉक बसवणारा वेगवेगळा असतो, आणि मधल्या भरावाची जबाबदारी दोघांपैकी कोणीच घेत नाही. ती कोणाची, हे काम देतानाच लिहून घ्यावे, असे मी आता प्रत्येक घरमालकाला सांगतो.

ॲसिडच्या बाबतीत, धुण्याच्या जागेमागे एका ब्लॉकवर आधी वापरून दोन आठवडे पाहिले असते, तरी पुढचे नुकसान टळले असते. प्रेशर वॉशर पूर्णपणे वर्ज्य नाही. पंख्यासारखी फवारणी करणारे टोक लावून, फूटभर अंतरावरून, सांध्यांना तिरके धरून आणि नंतर वाळू भरण्याची तयारी ठेवून तो वापरता येतो. ब्लॉक बसवताना वीस-पंचवीस जादा ब्लॉक बाजूला ठेवले असते, तर रंग न जुळण्याचा प्रश्नही आला नसता, कारण सात वर्षांनी तीच छटा बाजारात मिळाली नाही.

सीलरचा निर्णय अद्याप बाकी आहे. मुलाचा आग्रह कायम आहे, आणि पांढरे डाग कमी होत असल्यामुळे आता मलाही त्याला सरसकट नाही म्हणता येत नाही. येत्या फेब्रुवारीत, जमीन कोरडी असताना, पाण्याच्या टाकीमागील दहा ब्लॉकवर, पापुद्रा न धरता आत मुरणारा सीलर लावायचा आणि एक पावसाळा ते ब्लॉक पाहायचे, असे ठरले आहे. त्यांवर ओल्या पायाने चालून पाहण्याचे काम आजींनी माझ्याकडे सोपवले आहे.